चारच्या चहाचं प्रकरण

अच्युतराव टेंब्यांनी सरकारकडे मागितलं काय, तर आपल्याच घरी, आपल्याच बायकोबरोबर, स्वतःच्या खर्चानं एक कप चहा. एवढ्यासाठी मध्यभारत सरकारची एवढी माणसं कामाला लागतील, फाइल आगगाडीत बसून ग्वाल्हेरला जाईल आणि शेवटी टेंब्यांचं घर सोडून बाकी सगळीकडे चहा होईल, हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी अर्ज केलाच नसता. किंवा केलाही असता. अच्युतरावांना अर्ज करायला मनापासून आवडायचं.

होळकरांच्या राज्यात त्यांची कचेरी अकराला भरायची आणि साडेतीन वाजले की आपोआप ओसरायला लागायची. ‘उठा’ असं कुणी म्हणत नसे. एकानं टोपी झटकली की दुसरा दौतीला बूच लावायचा, तिसरा जांभई द्यायचा आणि चारच्या सुमाराला अच्युतराव रामबागेतल्या आपल्या दोन खोल्यांत खिडकीशी बसलेले असायचे. सुहासिनीबाई चहा आणायच्या, सोबत बशीत शेव. शेवेशिवाय इंदूरच्या माणसाला चहा उतरत नाही. मग अर्धा तास दोघं बोलायची. कशावर? खास कशावरच नाही. पण मंजिरीला कुठल्या शाळेत घालायचं, जागा बदलायची की नाही, सुहासिनीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं करायचं की नाही, हे सगळं त्या अर्ध्या तासात ठरलेलं होतं. टेंब्यांच्या संसाराची खरी कचेरी चारला भरायची म्हणा ना.

मग संस्थानं विलीन झाली. होळकरांची माणसं आणि शिंद्यांची माणसं, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे दरबार कसे गबाळे हे सांगण्यात जन्म घालवला होता, ती एका टेबलाला बसली. उन्हाळ्यात सरकार इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. अच्युतरावांची कचेरी तेवढी बारा महिने इंदूरच्या तुकोगंजातच राहिली, पण तिची वेळ झाली साडेदहा ते साडेपाच. आल्याबरोबर हजेरीपटावर सही, उशीर झाला तर लाल रेघ, आणि दीडला डबा खायला अर्ध्या तासाची सुट्टी.

कामाबद्दल अच्युतरावांची तक्रार नव्हती हे आधीच सांगून ठेवतो. स्वराज्य आलंय, तर घाम गाळायला पाहिजे, असं ते मनापासून म्हणायचे आणि गाळायचेही. पण सहाला घरी पोचावं तर घराचा बाजार झालेला. मंजिरीचं गणित अडलेलं, दळण यायचं राहिलेलं, शेजारचे कुणीतरी नुसतंच बसलेले. रविवारी तर पाहुण्यांची रीघ. सुहासिनीबाई आता सकाळच्या पाळीला मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. दिवे लागेपर्यंत त्यांचेही पाय दुखायला लागायचे. चहा व्हायचा, नाही असं नाही. पण एकानं उभ्यानं प्यायचा आणि दुसऱ्याचा गार व्हायचा, असा.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात सुहासिनीबाईंना काहीतरी विचारायचं होतं. काय, ते वाचकांना आत्ताच सांगतो, कारण अच्युतरावांना ते कळायला अजून बराच वेळ आहे. इंदूरजवळ हातोदला मुलींची शाळा निघणार होती. तिथं मुख्याध्यापिका म्हणून याल का, असं बाईंना शाळाखात्यानं विचारलं होतं. रोज सकाळच्या मोटारीनं जायचं, संध्याकाळच्या मोटारीनं यायचं. दसऱ्याच्या आत हो की नाही सांगायचं. आजवर बाईंना लोकांनी पुष्कळ कामं सांगितली होती. ‘तुम्ही सांभाळाल का?’ असं मात्र पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. पण घर, मंजिरी, हे सगळं कसं जमायचं ते नवऱ्याशी बोलल्याशिवाय ठरवायचं नाही, असा त्यांचा मनाचा निश्चय होता.

“अहो, एक विचारायचं होतं,” असं त्या एका संध्याकाळी म्हणाल्या. अच्युतराव म्हणाले, “विचार की.” तेवढ्यात दारातून आवाज आला, “टेंबेजी, हो का घरात?” हे बाबूराव. मिलमध्ये टाइमकीपर, म्हणजे दुसऱ्यांच्या वेळेचा हिशेब ठेवणारे. दुसऱ्याच्या घरी आपण कुठल्या वेळेला जातो याचा हिशेब मात्र त्यांना कधी जमला नाही. बाबूराव जाईपर्यंत बाईंना झोप यायला लागली.

त्या रात्री अच्युतरावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. बायकोला आपल्याशी बोलायला जागा उरलेली नाही हे त्यांना कळलं, आणि त्यावर त्यांनी एक तोड काढली. दीडची अर्ध्या तासाची सुट्टी घ्यायची नाही, काम करता करता डबा खायचा, आणि तीच सुट्टी चारला घ्यायची. सायकल मारली की रामबाग, घोटभर चहा, चार शब्द, आणि परत. सरकारचं एक मिनिटही जात नाही.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले. साहेब म्हणजे कृष्णराव, ग्वाल्हेरचे, शिंदेशाहीत मुरलेले, बोलायला फार मऊ.

“हरकत काही नाही टेंबेजी,” ते म्हणाले. “कारण काय?”

आता इथं खरं सांगून टाकायला काय हरकत होती? पण चाळिशी उलटलेल्या, कानावर पेन्सिल ठेवलेल्या माणसानं साहेबाला ‘बायकोबरोबर चहा घ्यायचाय’ असं सांगायचं? आणि तेही ग्वाल्हेरच्या माणसाला? अच्युतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि तोंडातून निघून गेलं, “आमच्या होळकरी दप्तराची तशी प्रथाच आहे साहेब. चारला चहा.”

कृष्णरावांच्या भुवया किंचित वर गेल्या. “प्रथा असेल तर मग प्रश्नच निराळा. लिहून द्या.”

इथून पुढं जे झालं ते या एका वाक्यामुळं झालं.

अर्ज लिहायला शंकररावांसारखा माणूस रामबागेत दुसरा नव्हता. शंकरराव होळकरांच्या हुजूर कचेरीतून निवृत्त झालेले. अर्जात ‘मी’ हा शब्द आला की त्यांना मुंगी चावल्यासारखं व्हायचं. अच्युतरावांनी धीर करून विचारलं, “खरं कारणच लिहिलं तर?”

“म्हणजे? ‘कुटुंबाबरोबर चहा घेण्याची इच्छा आहे’ असं लिहिणार?” शंकररावांनी चष्मा काढला. “सरकार काय तुमचा मेहुणा लागतो अच्युतराव? प्रथा लिहा. प्रथेपुढं सरकार वाकतं.”

मग सबंध आठवडा रोज संध्याकाळी शंकररावांकडे मसुदा. ‘कैलासवासी महाराजांच्या काळापासून’ लिहायचं की ‘मातोश्री अहिल्याबाईंच्या काळापासून’, यावरच दोन संध्याकाळी गेल्या. अहिल्याबाईंच्या काळी चहा नव्हता, अशी शंका अच्युतरावांनी काढली तेव्हा शंकरराव म्हणाले, “सरकारला काय ठाऊक?” पण शेवटी महाराजच ठेवले.

शेजाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. पलीकडच्या भानुमतीबाईंनी तोड सुचवली ती थर्मासाची. “मी सांगते ना, सुहासिनीनं सकाळीच भरून द्यावा. चारला टेबलावरच घ्या. कशाला ती सायकल अन् ते सरकार!” चहा एकट्यानं घ्यायचा नाहीये, हे त्यांना सांगण्याइतकी अच्युतरावांची जीभ इथंही वळली नाही. भानुमतीबाईंनी आपलाच थर्मास दिला. तो सायकलच्या दांडीला बांधला, तुकोगंजाच्या वळणावर गाय आडवी आली, आणि चारला सगळ्या कचेरीदेखत अच्युतरावांनी थर्मास तिरका केला तेव्हा कपात चहाबरोबर काचाही खळखळत आल्या. भानुमतीबाईंना नवा थर्मास आणून द्यायला अख्खा रविवार गेला. त्यानंतर त्या टेंब्यांशी जपूनच बोलायला लागल्या.

बाबूराव म्हणाले, “अरे भिया, एकट्याचा अर्ज म्हणजे केराची टोपली! मिलमध्ये आम्ही काय करून राहिलो? सगळ्यांच्या सह्या घेतो. सगळे मागतील तर साहेब को देना पडेगा.” हे अच्युतरावांना पटलं, आणि पटायला नको होतं. कचेरीतल्या लोकांच्या सह्या कचेरीत कशा घ्यायच्या? म्हणून संध्याकाळी एकेकाच्या घरी जाऊन घ्यायच्या. प्रत्येक घरी बसायचं, चहा घ्यायचा, प्रथेची हकीकत सांगायची. घरी यायला आठ-साडेआठ. सुहासिनीबाई ताट वाढून बसलेल्या असायच्या.

“अहो, ते विचारायचं होतं ना...”

“एवढं मंजूर होऊ दे,” अच्युतराव पोळीचा तुकडा मोडत म्हणायचे. “मग रोज चारला आपण निवांत. तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं.”

हे ते खोटं बोलत नव्हते. तीच तर पंचाईत होती.

अर्ज कृष्णरावांकडून वर गेला आणि वरून शेरा आला तो असा: ‘क्या इंदौर रियासत में चार बजे चाय की प्रथा थी? प्रमाण सहित बताइए। यदि थी, तो क्या ग्वालियर रियासत में भी थी?’ कृष्णरावांनी तो गंभीरपणे वाचून दाखवला. विलीन झालेल्या संस्थानांचे नियम एकसारखे करायचं काम तेव्हा जोरात चाललं होतं. पगार एकसारखे, रजा एकसारख्या, टोप्यासुद्धा एकसारख्या करायचं कुणाच्या तरी डोक्यात होतं. तेव्हा होळकरांकडे चहा आणि शिंद्यांकडे नाही, हे कसं चालेल?

अच्युतराव प्रमाण गोळा करायला निघाले. प्रमाण म्हणजे म्हातारे. इंदुरात होळकर दरबारचे जेवढे निवृत्त कारकून हयात होते, त्यांच्याकडे रविवारी दुपारी जायचं. एक नाना होते, कानानं अधू. ते म्हणाले, “चहा? हो तर! बसा, सांगतो.” आणि दसऱ्याच्या स्वारीत हत्ती कसा बिथरला ते सांगितलं. तोवर चार वाजले. आतून चहा आला, शेव आली. अच्युतराव मुकाट्यानं प्यायले. असे रविवारमागून रविवार ते चारला चहा पीत राहिले: नानांकडे, नानांच्या व्याह्यांकडे, व्याह्यांच्या जुन्या साहेबांकडे. इंदुरात बहुधा एकच बाई अशी राहिली होती जिच्याबरोबर त्यांनी त्या दिवसांत चारचा चहा घेतला नाही.

पावसाळा सरला, सरकारनं पेट्या बांधल्या आणि ते ग्वाल्हेरला गेलं. पेटीतून फाइलही गेली. कचेरीत आता अच्युतरावांना ‘चहामंत्री’ म्हणायला लागले होते. शिपायानं एकदा तोंडावर म्हटलं तेव्हा त्यांचा फार अपमान झाला. पण सह्या केलेले लोक रोज विचारायचे, “काय मंत्रीजी, कुठवर आलं?” आता माघार घ्यायची म्हणजे सगळ्यांदेखत तोंड काळं. चहा त्यांना हवा होता की जिंकायचं होतं, हे त्यांचं त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

नवरात्रात फर्मान आलं. समिती बसलीय, अर्जदारानं ग्वाल्हेरला हजर व्हावं. सुहासिनीबाई मंजिरीला घेऊन स्टेशनावर पोचवायला आल्या. हातात दशम्यांचा डबा.

“अहो, दसऱ्याच्या आत एक उत्तर द्यायचंय मला. हातोदला...”

“हातोदला कोण आहे आपलं?” अच्युतराव खिडकीतून ओरडले. गाडीनं शिटी दिली. “आल्यावर! आल्यावर निवांत!”

मंजिरी आईकडे बघत होती. सुहासिनीबाईंनी हात केला, आणि गाडी नजरेआड होईपर्यंत तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

ग्वाल्हेरच्या समितीत शिंदेशाहीतले दोन वृद्ध साक्षीला होते. ते म्हणाले, आमच्याकडे चहा तीनला होता आणि तो होळकरांपेक्षा चांगला होता. होळकरी बाजूनं अच्युतराव एकटे. आपण इथं कशाला आलो होतो ते ते विसरले आणि होळकरांच्या चहासाठी असे काही लढले की समितीचे अध्यक्षसुद्धा सरसावून बसले. निकाल त्यांच्या बाजूनं लागला. चहा चारलाच. सगळ्या कचेरीला. फक्त शिस्तीसाठी कचेरीच्या आवारातच घ्यायचा, बाहेर कुणी जायचं नाही. आणि व्यवस्थेसाठी एक मानद चिटणीस. रोज चारला तो जातीनं हजर पाहिजे. हा मान अर्थातच श्री. टेंबे यांना.

टाळ्या वाजल्या. अच्युतराव नमस्कार करायला उठले आणि अर्ध्यातच त्यांचे हात थांबले.

कृष्णरावही तिथं आले होते. बाहेर पडताना अच्युतरावांचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, “जिंकलात की टेंबेजी! मग असं का?” आणि अच्युतरावांनी, परक्या गावात असल्यामुळं असेल, खरं सांगून टाकलं.

कृष्णराव चालता चालता थांबले. “मग त्या दिवशी एवढंच म्हणायचंत ना. मी म्हटलं असतं, जा. माझी मंडळी इथं ग्वाल्हेरला आणि मी तुमच्या इंदुरात खानावळीत. मला नसतं कळलं?”

दसऱ्याच्या दिवशी सकाळी अच्युतराव घरी आले. दाराला तोरण होतं. सुहासिनीबाईंनी ओवाळलं, शेजारच्यांनी सोनं दिलं, बाबूराव ‘चहामंत्री की जय’ म्हणून गेले. मग बऱ्याच दिवसांनी दोघं समोरासमोर बसली.

“हं. काय विचारायचं होतं तुला?”

“आता काही नाही,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “काल हो सांगून आले.” आणि हातोदचं सगळं सांगितलं.

अच्युतरावांना आधी राग आला. “मला न विचारता?”

“विचारायला तुम्ही होतात कुठं?” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “उन्हाळ्यापासून विचारतेय. जेवताना विचारलं, स्टेशनावर विचारलं. तुम्ही म्हणालात, एवढं मंजूर होऊ दे. म्हटलं, यांचं मंजूर होईपर्यंत माझं नामंजूर होईल.”

“मी नाही म्हटलं असतं असं वाटलं तुला?”

“नाही हो. हो म्हणाला असतात ते ठाऊक होतं.” त्या हातातल्या आपट्याच्या पानाकडे बघत राहिल्या. “ते ऐकायचं होतं.”

मसुदा, सह्या, साक्षी, सगळं अच्युतरावांकडे होतं. हे एक वाक्य मात्र त्यांना उन्हाळ्यात, फुकट, घरबसल्या देता आलं असतं. त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी श्रीखंडसुद्धा त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

दिवाळीनंतर सुहासिनीबाईंचं हातोद सुरू झालं. उजाडताच मोटार, परत यायला दिवेलागण. आणि रोज चारला अच्युतराव कचेरीच्या मागच्या पडवीत भल्या मोठ्या पातेल्यासमोर उभे. नेमलेला आचारी आठवड्यात पळाला, मग मानद चिटणीसच पदर खोचून, म्हणजे धोतर खोचून, उभे राहिले. पत्ती मुठीनं, साखर ओंजळीनं, दूध बादलीनं. लोक म्हणायचे, टेंब्यांच्या हाताला चव आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अच्युतरावांनी चुलीवर पहिल्यांदा काही केलं ते सरकारी हुकमानं.

पौषात एकदा कडाक्याची थंडी पडली. मंजिरी मैत्रिणीकडे होती. हातोदच्या मोटारीची वेळ झाली तसे अच्युतराव स्वयंपाकघरात गेले, स्टोव्ह पेटवला आणि आधण ठेवलं. सुहासिनीबाई आल्या त्या धुळीनं माखलेल्या, नाक लाल झालेलं. स्वयंपाकघराच्या दारात त्या थबकल्या. वरणाचं मोठं पातेलं काठोकाठ चहानं उकळत होतं.

“अगबाई! कोण येणार आहे?”

“कुणी नाही.”

“मग हे एवढं?”

अच्युतराव पातेल्याकडे बघत राहिले. “मला एवढाच करता येतो,” ते ओशाळून म्हणाले. “दोघांचा कसा करायचा ते... ते मला कुणी सांगितलं नाही.”

सुहासिनीबाई आधी हसल्या. हसता हसता भिंतीला टेकल्या, मग डोळे पुसले, ते धुरानं की कशानं ते त्यांनी सांगितलं नाही. तेवढ्यात बाहेरून हाक आली, “टेंबेजी, हो का घरात?”

बाईंनी जाऊन दाराला आतून कडी घातली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नाहीयेत!”

मग दोन कप भरले आणि खिडकीशी ठेवले. बाहेर अंधार पडला होता. अच्युतरावांनी कप उचलला, परत खाली ठेवला.

“शाळा कशी आहे गं तुझी?” त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना कळलं की हा प्रश्न आपण पहिल्यांदाच विचारतोय.

सुहासिनीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. थट्टा तर नाही ना, याची खात्री केली.

“बसा मग,” त्या म्हणाल्या. “सांगायला लागले तर हे पातेलंसुद्धा पुरायचं नाही.”